हसूरचे घाटगे आणि वळणावरची हवा

नवी मुंबईत तुर्भ्याच्या एमआयडीसीत लेथ-ड्रिलची छोटी शेड असो की रसायनांचा मोठा कारखाना, मागच्या भिंतीपाशी कॉम्प्रेसर असतोच. साधारण सात बार दाबाची हवा पाइपांतून सगळीकडे फिरवलेली असते. तिच्यावर स्प्रे गन चालतात, सिलिंडर पुढेमागे होतात, कामगार एअर गनने जॉबवरचा चुरा उडवतात. आणि कुठल्या तरी जॉइंटला ती गळतही असते. दिवसभराच्या खडखडाटात ही गळती कुणाच्या कानावर येत नाही. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद ठेवून लाइनमध्ये हवा सोडली की ती बरोबर सापडते, हे मेंटेनन्सच्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं.

त्या भोकापाशी काय घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आत आठ वातावरणांएवढा दाब, बाहेर एकाचा. सुटताना हवा प्रसरण पावते, थंड होते, वेग घेते. भोकाच्या सगळ्यात अरुंद जागी ती ध्वनीच्या वेगाला पोहोचते. शेडमध्ये २७ अंश सेल्सिअस तापमान असेल तर त्या जागी हवा उणे २३ अंशांपर्यंत उतरलेली असते आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ३१७ मीटर असतो. तिथेच तो अडतो. बाहेरचा दाब आणखी उतरवला, अगदी निर्वात केला, तरी त्या भोकातून हवा जराही जास्त जात नाही. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या १.८९ पट झाला की हा अडसर लागतो. इंजिनीअर त्याला ‘चोक्ड फ्लो’ म्हणतात. वायू भरलेल्या टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह किती मोठ्या तोंडाचा बसवायचा, हे याच सूत्रावरून ठरतं. तीन मिलिमीटरचं एक भोक मिनिटाला साधारण अर्धा घनमीटर मोकळी हवा वाया घालवतं आणि ती पुन्हा भरायला कॉम्प्रेसर तीन किलोवॅटच्या आसपास वीज घेतो. लाइन चालू आहे तोवर, रात्रंदिवस.

ध्वनीच्या वेगाचा प्रवाह म्हटलं की आपल्यासमोर लढाऊ विमान येतं. तो तुर्भ्याच्या गल्लीगल्लीत आहे. या प्रवाहाचं गणित कुणी, कुठे आणि कसं उभं केलं, याचा माग काढत गेलं की वाटेत कोल्हापूर जिल्ह्यातलं एक गाव लागतं, पुण्याचं इंजिनीअरिंग कॉलेज लागतं आणि तुर्भ्यासमोरच्या खाडीपलीकडची पवईही लागते. या लेखाचा विषय तोच आहे.

आधी एक भेद. एपीएमसीतून कांदा भरून निघालेला ट्रक ताशी ८० किलोमीटरने धावत असेल तर त्याच्या नाकापुढची हवा दबते किती? तिची घनता जेमतेम ०.२ टक्के वाढते. एवढी वाढ सोडून दिली तरी ट्रकचं, पुलाचं, उंच इमारतीवरच्या वाऱ्याचं गणित चुकत नाही. म्हणून कॉलेजातल्या फ्लुइड मेकॅनिक्सचा मोठा भाग हवा दबतच नाही असं धरून शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. तिथून उडालेलं प्रवासी विमान अकरा किलोमीटर उंचीवर पोहोचतं तेव्हा बाहेर उणे साडेछप्पन्न अंश असतात. त्या थंडीत ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटरवर येतो आणि विमान त्या वेगाच्या ७८ टक्क्यांनी चाललेलं असतं. त्याच्या नाकाशी हवेची घनता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. ही वाढ सोडता येत नाही. रस्त्यावरची आणि आकाशातली हवा एकच, पण गणित बदलतं.

विमानाचा वेग आणि ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तराला माख अंक म्हणतात. एर्न्स्ट माख यांनी १८८० च्या दशकात पेटर साल्हर यांच्या जोडीने सुटलेल्या गोळीभोवतीच्या हवेचे फोटो घेतले आणि गोळीच्या टोकापासून मागे झुकलेली लाट जगाला पहिल्यांदा दिसली. ध्वनी म्हणजे हवेतली बातमी. पुढे काहीतरी येतंय ही खबर हवेच्या एका थराकडून दुसऱ्याकडे ध्वनीच्याच वेगाने जाते. विमान त्याहून हळू असेल तर खबर आधी पोहोचते, पुढची हवा बाजूला सरते आणि पंखाच्या वक्राला वळसा घालायला तयार होते. विमान त्याहून वेगवान असेल तर खबर मागे पडते. पुढच्या हवेला काहीच माहीत नसतं. पंख येऊन भिडतो तेव्हाच तिला कळतं. गणिताच्या भाषेत पहिल्या स्थितीतलं समीकरण लंबवर्तुळी जातीचं असतं, दुसऱ्या स्थितीतलं अपास्त जातीचं. पहिल्यात प्रत्येक बिंदूवर सगळ्या बाजूंचा परिणाम होतो. दुसऱ्यात फक्त वरच्या प्रवाहाकडून आलेल्या एका शंकूतला. एकाच समीकरणाने वेगाप्रमाणे जात बदलावी, हीच या विषयाची खरी अडचण आहे आणि माझ्या मते हेच त्याचं सौंदर्यही आहे.

आता वक्र पृष्ठाकडे येऊ. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली थिओडोर मायर नावाच्या विद्यार्थ्याने १९०८ मध्ये प्रबंध सादर केला. ध्वनीहून वेगवान हवा भिंतीला धरून चालली आहे आणि भिंत तिच्यापासून दूर वळते आहे, म्हणजे पृष्ठभाग बहिर्वक्र आहे, तर काय होईल, हा त्याचा प्रश्न. तोवर विमानं जेमतेम उडू लागली होती. ध्वनीचा वेग त्यांच्यापासून फार लांब होता. प्रांट्ल आणि मायर यांना हा प्रश्न दिसला तो वाफेच्या टर्बाइनांच्या नॉझलमध्ये आणि तोफगोळ्यांमध्ये.

त्यांचं उत्तर इतकं नेटकं आहे की ते शब्दांतही मांडता येतं. पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूपासून एक क्षीण लाट तिरपी निघते. माख २ ला तिचा प्रवाहाशी कोन ३० अंशांचा असतो. माख वाढला की कोन लहान होतो. ती लाट ओलांडताना हवा किंचित वळते, किंचित वेग घेते, किंचित थंड होते. पुढच्या बिंदूपासून निघणारी लाट आधीच्या लाटेपेक्षा जास्त मागे झुकलेली असते, कारण तिथे भिंतही वळलेली आहे आणि वेगही वाढलेला आहे. त्यामुळे लाटा एकमेकींपासून फाकत जातात, पंख्यासारख्या. कुठेही धक्का नाही, कुठेही उपयोगी ऊर्जेचा नाश नाही. आणि शेवटचं उत्तर वक्र किती लांब आहे, गोल आहे की टोकदार, यावर अवलंबून नसतं. भिंत एकूण किती अंश वळली, एवढंच पाहायचं.

आकडे घालून पाहू. माख २ ने चाललेली हवा दहा अंश बाहेर वळवली तर ती माख २.३८५ ला पोहोचते. दाब मूळच्या ५५ टक्क्यांवर येतो. अकरा किलोमीटर उंचीवरची उणे साडेछप्पन्न अंशांची हवा असेल तर ती जवळपास उणे एक्क्याण्णव अंशांवर उतरते. हे सगळं साध्या कॅल्क्युलेटरवर, दोन व्यस्त स्पर्शजा काढून मिळतं. मायर यांच्या सूत्रातून एक मर्यादाही निघते: ध्वनीच्या वेगापासून सुरुवात करून हवा जास्तीत जास्त १३० अंशांपेक्षा थोडी जास्त वळू शकते. त्यापुढे तिचा दाब शून्यावर आलेला असतो आणि वळायला काही उरत नाही.

भिंत उलट, आत वळली तर चित्र पालटतं. आता प्रत्येक पुढची लाट आधीच्या लाटेकडे झुकते. लाटा एकमेकींना गाठतात, एकावर एक चढतात आणि त्यातून शॉक तयार होतो: जाडी इतकी कमी की हवेच्या रेणूंच्या काही धडकांएवढी, पण त्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना दाब, तापमान, घनता सगळं वेगळं. माख २ चा प्रवाह सरळ शॉकला भिडला तर दाब एका झटक्यात साडेचार पट होतो आणि माख ०.५८ वर घसरतो. सायन-पनवेल महामार्गावर वाशी टोलनाक्यापासून मागे वाढत जाणारी गाड्यांची रांग आठवा. मोकळा धावणारा रस्ता आणि ठप्प झालेला रस्ता यांच्यामधली सीमारेषा मागे सरकत येते, ती याच गणिताने सोडवता येते. लाइटहिल आणि व्हिटम यांनी १९५५ मध्ये ते दाखवलं. शॉकच्या दोन बाजूंचा हिशेब मात्र त्याआधीच झाला होता. रीमान यांनी १८६० मध्ये ग्योटिंगेनमधूनच मोठ्या लाटांचं गणित मांडलं, आणि रँकिन व ह्युगोनियो यांनी पुढच्या तीस वर्षांत शॉक ओलांडताना वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा कशी जपली जाते याची समीकरणं पक्की केली.

ज्या वर्षी मायर यांचा प्रबंध पूर्ण झाला, त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९०८ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूर चंपू गावात विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. हा मुलगा पुढे थेट प्रांट्ल यांच्याच दारात जाऊन उभा राहिला. १९३६ मध्ये त्यांनी ग्योटिंगेनमधून प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. तो काळ कोणता, हे लक्षात घ्यायला हवं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि काही महिन्यांत ग्योटिंगेनच्या गणित विभागातले कूरांट, एमी नोएथर, भौतिकीतले माक्स बोर्न यांच्यासारखे लोक बाहेर काढले गेले. जगातलं पहिल्या क्रमांकाचं गणितपीठ मोडून पडत होतं. प्रांट्ल यांची प्रवाहशास्त्राची संस्था तेवढी जोरात चालू होती, कारण तिच्यात सरकारला विमानं दिसत होती. १९३५ मध्ये प्रांट्ल यांचाच पूर्वीचा सहकारी आडोल्फ बुझेमान याने रोमच्या परिषदेत पंख मागे झुकवले तर वेगवान विमानाचा अडथळा कमी होतो, हे मांडलं. आज आपण ज्या जेट विमानांत बसतो त्या जवळपास प्रत्येकाचे पंख मागे झुकलेले असतात.

ग्योटिंगेनच्या शाळेकडून घाटग्यांच्या पिढीला मिळालेल्या साधनांपैकी आणखी एक इथे सांगायलाच हवं. ध्वनीपेक्षा हळू, पण दबण्याइतक्या वेगवान हवेसाठी प्रांट्ल यांनी १९२० च्या दशकात एक युक्ती शिकवली आणि ब्रिटनमध्ये हर्मन ग्लॉअर्ट यांनी १९२८ मध्ये ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. पंख सडपातळ असेल तर दबणाऱ्या हवेचं समीकरण, प्रवाहाच्या दिशेने मोजपट्टी ताणून, न दबणाऱ्या हवेच्या समीकरणात बदलता येतं. म्हणजे जुनं, सोडवलेलं गणित पुन्हा वापरायचं आणि शेवटी उत्तराला एका संख्येने भागायचं: एकातून माख अंकाचा वर्ग वजा करून त्याचं वर्गमूळ. माख ०.७८ ला हा भाजक ०.६३ च्या जवळ येतो, म्हणजे पंखावरचा दाबाचा फरक सुमारे १.६ पट होतो. पण माख एकच्या जवळ गेलं की भाजक शून्याकडे जातो आणि उत्तर अनंताकडे. तिथे सूत्र मोडतं. मोडतं त्याच जागी निसर्गही बिकट होतो.

घाटगे भारतात परतले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली होती. तिथे युद्धकाळात घाटग्यांनी दहा जणांना नेणारा ग्लायडर आखला. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत ते अग्रभागी होते. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान बनलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं इंजिनाचं हे पहिलं विमान. पुष्पक, कृषक ही छोटी विमानं त्याच परंपरेतली. सप्टेंबर १९६४ मध्ये किरण हे जेट प्रशिक्षण विमान उडालं, त्याच्या रचनेचं नेतृत्वही त्यांचंच. वायुदलाचा सूर्यकिरण संघ ज्या विमानांवर कसरती करून लोकांना माना वर करायला लावायचा, ती हीच. १९६५ मध्ये घाटग्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले.

त्या दशकांतली सगळ्यात मोठी उडी होती एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान. फोके-वुल्फ १९० चे निर्माते कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळूरला आले. १९५९ मध्ये त्याच आकाराचा पूर्ण मापाचा लाकडी ग्लायडर डाकोटाने ओढून हवेत नेला, आकार पारखला, आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मारुत उडवलं. रचनाकारांच्या मनात माख २ होतं. दोन ऑर्फियस इंजिनांचा जोर त्याला पुरला नाही. विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच राहिलं. इंजिनाचा जोर कमी पडला, हे खरं. पण नेमकं तिथेच का अडलं, हे समजायला पुन्हा वक्र पृष्ठाकडे यावं लागतं.

पंखाचा वरचा भाग फुगीर असतो. विमान माख ०.७८ ने चाललं तरी त्या फुगवट्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि काही भागात ती ध्वनीच्या पुढे जाते. म्हणजे सगळीकडे ध्वनीहून हळू प्रवाह आणि त्याच्या पोटात ध्वनीहून वेगवान हवेचं एक बेट. बेटाच्या मागच्या टोकाला हवा परत हळू व्हायला हवी, आणि ती बहुतेकदा शॉकमधूनच होते. शॉकमध्ये उपयोगी ऊर्जा जाते, त्याच्या पायथ्याशी पृष्ठालगतचा थर सुटू शकतो, अडथळा एकदम वाढतो. ही चढण ओलांडायला मारुतच्या इंजिनांत जोर नव्हता. प्रवासी विमानात पंखाच्या जराशा मागच्या खिडकीत बसलात आणि ऊन योग्य कोनातून येत असेल, तर पंखावर लांबीच्या दिशेने एक बारीक थरथरती रेघ दिसते. ती शॉकची सावली. हजारो प्रवाशांच्या नजरेखालून ती रोज जाते.

मग असा आकार का काढू नये, ज्याच्यावर वेगवान हवेचं बेट असेल पण शॉक नसेल? यावर पन्नासच्या दशकात जोरदार वाद होता. काही इंजिनीअरांनी असे आकार काढूनही दाखवले होते. १९५६ ते १९५८ या काळात न्यूयॉर्कच्या गणितज्ञ कॅथलीन मोरावेट्झ यांनी एका लेखमालेत त्याचा निकाल लावला. असे आकार असू शकतात, पण ते एकाकी असतात. आकार जरासा बदला, वेग जरासा बदला, शॉकरहित उत्तर नाहीसं होतं. गणिताने तंत्रज्ञानाला इतकं स्पष्ट उत्तर दिल्याचं उदाहरण विरळाच. त्यानंतर रिचर्ड व्हिटकम यांच्यासारख्यांनी शॉक पूर्ण घालवण्याचा हट्ट सोडून तो क्षीण ठेवणारे, वरून सपाटसर पंख शोधले, आणि आजची प्रवासी विमानं त्याच वाटेने आली.

एकाच चित्रात लंबवर्तुळी आणि अपास्त दोन्ही जातींची समीकरणं, आणि त्यांची सीमा कुठे आहे हेही उत्तराबरोबरच काढायचं. हे हाताने होत नाही. १९७१ मध्ये मर्मन आणि कोल यांनी संगणकावर एक साधी युक्ती केली: हळू प्रवाहाच्या भागात दोन्ही बाजूंचे शेजारी बिंदू घ्यायचे, वेगवान भागात फक्त वरच्या प्रवाहाकडचे. खबर जिकडून येते तिकडेच पाहायचं. शॉक आपोआप योग्य जागी बसला. इथून हा विषय संगणकाच्या हाती गेला, आणि इथे आपली आणखी काही माणसं भेटतात.

सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ चा, पुण्याचा. १९६२ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, १९६४ मध्ये आयआयटी मुंबईतून एम.टेक., १९६७ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातून डॉक्टरेट. १९७२ मध्ये ब्रायन स्पाल्डिंग यांच्याबरोबर त्यांनी ‘सिंपल’ नावाची रीत प्रसिद्ध केली. न दबणाऱ्या प्रवाहात दाबाला स्वतःचं असं समीकरण नसतं. म्हणून दाबाचा अंदाज घ्यायचा, त्यावरून वेग काढायचे, वस्तुमानाचा हिशेब जुळत नाही तेवढी दाबात दुरुस्ती करायची, आणि जुळेपर्यंत हे चालू ठेवायचं. जगभर कारखान्यांत आणि संशोधनात ही रीत पसरली. १९८० चं त्यांचं पुस्तक आजही या विषयात शिरण्याचं दार आहे.

पण दबणाऱ्या हवेसाठी विमानवाल्यांच्या रीती वेगळ्या होत्या, घनतेपासून सुरू होणाऱ्या. त्या हळू प्रवाहात अडखळत, कारण तिथे ध्वनीचा वेग आणि हवेचा वेग यांत फार तफावत असते. सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या: टाकीत हवा जवळपास स्थिर, तोंडाशी ध्वनीच्या वेगाची, पुढे नळीत त्याहून वेगवान, आणि सगळ्या भिंती वाकड्यातिकड्या. याला कुठली रीत लावायची? १९८९ मध्ये कारकी आणि पाटणकर यांनी अमेरिकेच्या वैमानिकी संस्थेच्या नियतकालिकात नेमकं हेच सोडवलं: दाबाची दुरुस्ती वेगालाही लावायची आणि घनतेलाही. त्यामुळे एकच रीत सगळ्या वेगांना आणि कुठल्याही आकाराला चालते. तुर्भ्यातला एखादा इंजिनीअर आज संगणकावर व्हॉल्व्ह तपासतो, तेव्हा पडद्यामागे याच कुळातली पद्धत चालू असण्याची बरीच शक्यता आहे.

दुसरी वाट बंगळूरची. भारतीय विज्ञान संस्थेतले एस. एम. देशपांडे १९८० च्या दशकात या प्रश्नाकडे फार खालून आले, रेणूंच्या पातळीवरून. हवेच्या समीकरणांत खबर एकाच वेळी पुढेही जाते आणि मागेही. ती वेगळी करायला मोठा खटाटोप लागतो. देशपांड्यांनी विचार केला की ही समीकरणं मुळात बोल्ट्झमानच्या समीकरणाची बेरीज आहेत. आणि एका रेणूच्या बाबतीत संभ्रमच नाही: उजवीकडे जाणारा रेणू डावीकडची खबर आणतो, डावीकडे जाणारा उजवीकडची. मग रेणूंच्या वेगांचं मॅक्सवेलचं वितरण शून्यापाशी दोन भागांत कापायचं, प्रत्येक भागाचं वस्तुमान, संवेग, ऊर्जा मोजायची, आणि बेरीज केली की प्रवाहाची दिशेनुसार विभागणी हातात येते. वक्र भिंतीपाशी काय करायचं हाही प्रश्न सुटतो: रेणू भिंतीवर आपटून परत येतो, एवढंच लिहायचं. १९९४ मध्ये मंडल आणि देशपांडे यांनी ही रीत सविस्तर प्रसिद्ध केली. जे. सी. मंडल पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. याच शाळेने नंतर जाळ्याशिवाय, नुसत्या बिंदूंच्या ढगावर गणित करण्याची रीतही काढली, कारण विमानासारख्या वेड्यावाकड्या आकारावर नीट जाळं विणणं हेच महिनोन्‌महिने खाणारं काम असतं. मला स्वतःला या विषयातली ही सगळ्यात देखणी कल्पना वाटते.

याच देशपांड्यांचं नाव आणखी एका शोधनिबंधावर आहे. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची तपासणी केली आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष आकड्यांसह दिला. गिरगावच्या चौपाटीवर १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा मराठी घरात सगळ्यांना माहीत असते. तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. तळपद्यांच्या धडपडीबद्दल आदर ठेवूनही मी म्हणेन की आपल्या अभिमानाची जागा चुकली आहे. जे उडालं, ज्याची तारीख आहे, ज्याचं गणित पानापानावर तपासता येतं, ते घाटग्यांचं काम आपल्या घरांत कुणाला आठवत नाही. बंगळूरला एचएएलने, म्हणजे त्याच हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या आजच्या रूपाने, आपल्या सभागृह संकुलाला डॉ. घाटगे यांचं नाव दिलं आहे, आणि ते ज्या भागात आहे तिथल्या रस्त्याला सुरंजन दास यांचं. ते दास १९७० च्या जानेवारीत मारुतचीच सुधारित आवृत्ती तपासताना मरण पावले.

म्हणून ही विनंती, पॉलिटेक्निकात आणि इंजिनीअरिंग कॉलेजात हा विषय शिकवणाऱ्यांना. विद्यार्थ्याच्या हातात प्रवाहाचं सॉफ्टवेअर देण्याआधी त्याला कॅल्क्युलेटर द्या आणि माख २ ची हवा दहा अंश बाहेर वळवायला सांगा. उत्तर २.३८५ यायला हवं. मग तेच आत वळवायला सांगा आणि इथे शॉक का येतो, हे त्याच्याकडून मराठीत समजून घ्या. आणि तो तास संपण्याआधी हसूरच्या विष्णू माधव घाटगे यांचं नाव फळ्यावर लिहा.